टेकूवरचा पूल आणि जबलपूरचे ऊन

२३ ऑगस्ट २०२५ रोजी जबलपूर शहरात मदनमहाल ते दमोह नाका या सुमारे सात किलोमीटर लांबीच्या उड्डाणपुलाचे उद्घाटन केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांच्या हस्ते झाले. मदनमहाल स्थानकाजवळ हा पूल रेल्वेमार्ग ओलांडतो आणि तेथे त्याचा भार केबलांनी तोललेला आहे. ज्या रेल्वेमार्गावरून तो जातो, तो इटारसी-जबलपूर मार्ग होय. मार्च १८७० मध्ये हाच मार्ग खुला झाला आणि मुंबई व कलकत्ता ही दोन बंदरे प्रथमच लोहमार्गाने जोडली गेली. एकाच जागी, एकावर एक, दीडशे वर्षांच्या अंतराने झालेली ही दोन बांधकामे आहेत. दोन्ही काळांतील अभियंत्यांपुढे एक प्रश्न मात्र सारखाच होता. पूल पूर्ण होईपर्यंत तो ज्या तात्पुरत्या आधारांवर उभा राहतो, त्या आधारांवर उन्हाचा परिणाम काय होतो आणि त्याची सोय कशी करावयाची?

पूर्ण झालेल्या पुलाला उष्णतेचे फारसे भय नसते. त्याच्या एका टोकाला स्थिर बेअरिंग असते, दुसऱ्या टोकाला सरकते. दोन गाळ्यांच्या मध्ये प्रसरणासाठी फट ठेवलेली असते. उन्हाळ्यात पूल लांबतो, हिवाळ्यात आखडतो, आणि खालचे खांब हे सारे निमूटपणे पाहतात. अर्धवट पुलाची गोष्ट वेगळी असते. त्याचे कायमचे बेअरिंग अजून बसलेले नसते किंवा बसवूनही कुलूपबंद ठेवलेले असते. त्याचा भार लोखंडी ट्रेसलवर, लाकडी स्लीपरांच्या चळतीवर, जॅकवर किंवा ताणलेल्या तारांवर असतो. या साऱ्या साधनांची योजना वजन पेलण्यासाठी केलेली असते, आणि वजन खाली येते. उष्णतेने होणारी हालचाल मात्र आडवी असते. पूलबांधणीच्या इतिहासातील अनेक कठीण प्रसंग या एका फरकातून उद्भवले आहेत.

युरोपातील अभियंत्यांना या हालचालीची जाणीव रेल्वेयुगाच्या आरंभीच झाली होती. रॉबर्ट स्टीफन्सन याने वेल्समधील मेनाय सामुद्रधुनीवर बांधलेला ब्रिटानिया पूल १८५० मध्ये खुला झाला. घडीव लोखंडाच्या प्रचंड चौकोनी नळ्यांतून तेथे आगगाडी धावत असे. या नळ्या मधल्या मनोऱ्यावर पक्क्या बसवल्या होत्या आणि इतर आधारांवर त्यांच्याखाली रूळ ठेवले होते, म्हणजे लोखंडाला दोन्ही दिशांना मोकळेपणाने सरकता यावे. एक जागा पक्की धरावी आणि बाकीच्या मोकळ्या सोडाव्यात, हा नियम तेव्हापासून रूढ झाला. तो कायमच्या आधारांसाठी होता. तात्पुरत्या आधारांनाही तो लागू पडतो, हे उमजायला आणखी काही दशके आणि काही कटू अनुभव लागले.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग इटारसीहून पूर्वेकडे येताना नर्मदेच्या दक्षिण बाजूने सोहागपूर, गाडरवारा, नरसिंहपूर असा येतो आणि उत्तरेकडील जबलपूर गाठण्यासाठी नदी ओलांडतो. अलाहाबादकडून येणारी ईस्ट इंडियन रेल्वेची शाखा १८६७ मध्येच जबलपूरला पोहोचली होती. त्यामुळे दोन्ही बाजूंचे लक्ष राहिलेल्या या तुकड्याकडे लागलेले होते. ब्रिटिश अभियंता रॉबर्ट मेटलंड ब्रेरटन याच्या देखरेखीखाली हे काम पुरे झाले. त्या काळी पुलांचे लोखंडी गर्डर सुट्या भागांच्या रूपाने इंग्लंडहून जहाजाने येत आणि नदीच्या पात्रात उभारलेल्या मचाणावर रिव्हेट मारून जोडले जात.

हिंदुस्थानातील हवामानाने येथे एक खास पेच निर्माण केला. मोठ्या नद्यांच्या पात्रात टेकू उभे करणे पावसाळ्यात अशक्यच असते. पूर ओसरल्यावर काम सुरू करावयाचे आणि पुढच्या पावसाआधी गर्डर खांबांवर टेकवून पात्र मोकळे करावयाचे, असा क्रम ठरून गेला. म्हणजे कामाचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मे महिन्यापर्यंतचा. जबलपुरात जानेवारीच्या पहाटे पारा १० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरतो, तर मे महिन्याच्या दुपारी तो ४१-४२ अंशांवर असतो. उन्हात तापलेले उघडे लोखंड हवेपेक्षाही कितीतरी अधिक तापते. वर्षभरातील तापमानाचा जवळजवळ सगळा चढउतार याच आठ महिन्यांत येतो, आणि याच काळात पूल टेकूंवर असतो. इंग्लंडच्या सौम्य हवेत घडलेल्या अभियंत्याला हा योग सहसा अनुभवावा लागत नसे.

हालचाल किती होते, हे साध्या गणिताने कळते. पोलाद दर अंश सेल्सिअसला आपल्या लांबीच्या दहा लाखांत सुमारे १२ भागांनी वाढते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या संहितेतही पोलाद आणि काँक्रीट या दोन्हींसाठी हाच आकडा धरला जातो. समजा, ६० मीटर लांबीचा गर्डर जानेवारीच्या पहाटे टेकूंवर ठेवला आणि मे महिन्याच्या दुपारी त्याचे तापमान त्यापेक्षा ४५ अंशांनी अधिक झाले. त्याची लांबी सुमारे ३२ मिलिमीटरने वाढेल. ही वाढ केवळ दोन बोटांच्या रुंदीएवढी असल्याने ती किरकोळ वाटते. परंतु गर्डर दोन्ही टोकांना घट्ट धरला तर तापमान ३० अंशांनी वाढताच पोलादात सुमारे ७२ मेगापास्कलचा दाब निर्माण होतो. गर्डरचा छेद ५०० चौरस सेंटिमीटर असेल तर हा जोर साडेतीनशे टनांहून अधिक भरतो. एवढा आडवा जोर सहन करील असा टेकू कोणी बांधत नाही.

प्रत्यक्षात एवढा जोर क्वचितच येतो, कारण टेकू काही प्रमाणात वाकतो आणि गर्डर त्याच्यावर काही प्रमाणात घसरतो. या दोहोंपैकी जे आधी घडेल, ते जोराची मर्यादा ठरवते. टेकूवर २०० टन भार असेल आणि लोखंडावर लोखंड टेकलेले असेल, तर घर्षणांक ०.३ धरून गर्डर घसरण्यापूर्वी टेकूच्या माथ्यावर ६० टनांपर्यंत आडवा जोर येऊ शकतो. टेकू १२ मीटर उंच असेल तर त्याच्या पायथ्याशी हा जोर ७२० टन-मीटरचा उलथवणारा परिणाम घडवतो. त्याच जागी गुळगुळीत स्टेनलेस पत्रा आणि टेफ्लॉनची चकती घातली, घर्षणांक ०.०५ वर आणला, तर जोर १० टनांवर येतो. टेकू तोच, भार तोच. फरक फक्त हाताच्या तळव्याएवढ्या जाडीच्या थराचा. जुन्या काळी हेच काम ग्रीस लावलेल्या पट्ट्या, लोखंडी रोलर किंवा सागाचे ठोकळे करीत.

टेकूंवरील उष्णतेचा धडा जगाला ठळकपणे मिळाला तो अमेरिकेतील सेंट लुईस येथे. नर्मदेवरील मार्ग खुला झाल्यानंतर तीनच वर्षांनी, १८७३ मध्ये, तेथे मिसिसिपी नदीवर कॅप्टन जेम्स ईड्स यांच्या पोलादी कमानींचे काम निर्णायक टप्प्यावर आले होते. नदी खोल, प्रवाह जोरदार आणि नावांची ये-जा अखंड. त्यामुळे पात्रात टेकू उभारणे शक्य नव्हते. खांबांच्या दोन्ही बाजूंनी अर्ध्या-अर्ध्या कमानी पुढे वाढवीत न्यावयाच्या, त्या वरच्या लाकडी मनोऱ्यांवरून आणलेल्या तात्पुरत्या ताणांनी धरून ठेवावयाच्या आणि मधोमध जोडावयाच्या, अशी योजना हेन्री फ्लॅड या सहकारी अभियंत्याने राबवली. मदनमहालसारख्या ठिकाणी, जेथे खाली गाड्या धावत असतात, केबलांवरचा पूल दोन्हीकडून किंवा एका बाजूने पुढे वाढवीत नेण्याचे तत्त्व याच कुळातले आहे.

सप्टेंबर १८७३ मध्ये पहिली कमान जुळवण्याची वेळ आली तेव्हा सेंट लुईसमध्ये कडक ऊन होते. अर्धकमानी उन्हाने लांबल्या होत्या आणि शेवटचा तुकडा बसण्याएवढी फट उरली नव्हती. पोलाद थंड करण्यासाठी नळ्यांभोवती बर्फ बांधण्यात आला, रात्रभर प्रयत्न झाले, तरी जरुरीपुरती फट मिळेना. पुलाच्या कर्जाचा एक मोठा हप्ता कमान ठरलेल्या मुदतीत जुळण्यावर अवलंबून होता. ईड्स त्या वेळी युरोपात होते. परंतु ही अडचण येऊ शकते हे ओळखून त्यांनी आधीच आट्यांनी लांबी कमी-जास्त करता येईल असे जोडतुकडे बनवून घेतले होते. ते वापरून १७ सप्टेंबर १८७३ रोजी कमान जुळली. उष्णतेशी झगडण्याऐवजी तिच्यासाठी आधीच जागा ठेवणे, हा मार्ग तेथे यशस्वी ठरला.

त्याच पुलावरील पुढचा प्रसंग कमी परिचित आहे, पण टेकूंच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. जानेवारी १८७४ मध्ये थिओडोर कूपर या अभियंत्याला जुळलेल्या कमानीतील दोन नळ्या तडकलेल्या आढळल्या. कमान जुळल्यानंतरही तिला धरून ठेवणारे तात्पुरते ताण पुरेसे सैल केलेले नव्हते. जोडणीपूर्वी जे ताण कमानीचा आधार होते, तेच जोडणीनंतर तिच्या हालचालीला अडसर झाले होते. ईड्स यांनी तारेने कळवलेल्या सूचनेनुसार ताण सैल करण्यात आले आणि धोका टळला. टेकू कधी लावावा हे जसे ठरवावे लागते, तसेच तो कधी सोडावा हेही ठरवावे लागते. जोडणीच्या क्षणी पुलाची स्थिर जागा बदलते. जुनी स्थिर जागा मोकळी न करता नवी पक्की केली, तर पूल दोन पक्क्या बिंदूंमध्ये सापडतो आणि तापमानाचा पुढचा चढउतार कोठे तरी वाट काढतो.

स्कॉटलंडमधील फोर्थ पुलावर १८८९ च्या शरद ऋतूत नेमका उलटा प्रकार घडला. तेथे मधले गर्डर दोन्हीकडून पुढे आणून जोडावयाचे होते, पण थंडीने पोलाद आखडले होते आणि बोल्टांची भोके जुळत नव्हती. तेव्हा गर्डरच्या खालच्या भागावर तेलात भिजवलेल्या चिंध्या-बोळ्यांचा जाळ करून पोलाद तापवण्यात आले आणि बोल्ट बसवण्यात आले. तेथेच तात्पुरत्या जोडपट्ट्या सोडवण्याचे काम अर्धवट झालेले असताना तापमान उतरले आणि उरलेले बोल्ट तोफेसारखा आवाज करीत आपसूक कातरले गेले. सेंट लुईसला बर्फ, फोर्थला जाळ. दोन्हीकडे अडचण एकच होती.

मुंबईहून जबलपूरमार्गे जाणारा तोच लोहमार्ग जेथे संपतो, त्या हावड्यातही याची दखल घ्यावी लागली. ३ फेब्रुवारी १९४३ रोजी वाहतुकीस खुला झालेल्या हावडा पुलाचे दोन बाहू हुगळीच्या पात्रात टेकू न उभारता दोन्ही काठांवरून वाढवीत आणले गेले. ४५७ मीटरच्या मधल्या गाळ्याची अखेरची जुळणी जलदाबावर चालणाऱ्या जॅकच्या साहाय्याने करण्यात आली. जॅकमुळे फट इच्छेप्रमाणे कमी-जास्त करता येते, आणि उन्हाच्या वेळापत्रकावर विसंबून राहावे लागत नाही. कोकण रेल्वे महामंडळाने उभारलेल्या चिनाब पुलाची ४६७ मीटरची पोलादी कमानही दोन्ही दऱ्याकाठांवरून तात्पुरत्या केबलांच्या आधाराने पुढे आणली गेली आणि ५ एप्रिल २०२१ रोजी मधोमध जोडली गेली. ईड्स यांची कल्पना आणि चिनाबची कमान यांत जवळजवळ दीडशे वर्षांचे अंतर आहे, पण विचाराचा धागा सलग आहे.

केवळ लांबीतील वाढ विचारात घेऊन भागत नाही. ऊन वरून पडते, त्यामुळे गर्डरची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा अधिक तापते आणि गर्डर मध्यभागी वर उचलला जातो. ४० मीटर लांब, २ मीटर खोल गर्डरच्या वरच्या व खालच्या कडांत १० अंशांचा फरक पडला, तर मध्यभाग सुमारे १२ मिलिमीटर वर येतो. गर्डर फक्त टोकांवर टेकलेला असेल तर यात बिघडत नाही. पण मध्ये दोन-तीन तात्पुरते टेकू असतील तर दुपारी मधल्या टेकूंवरचा भार हलका होतो आणि तो टोकांकडे जातो. रात्री उलट घडते. कागदावर चार टेकूंनी समान वाटून घेतलेला भार प्रत्यक्षात दिवसभर एकाकडून दुसऱ्याकडे फिरत असतो. टेकूही स्वतः पोलादाचेच असतात. १५ मीटर उंचीचा लोखंडी ट्रेसल तापमान २५ अंशांनी वाढल्यास साडेचार मिलिमीटरने उंच होतो; शेजारचा काँक्रीटचा जाड खांब मात्र तेवढ्या वेळात फारसा तापतच नाही. ट्रेसलचे उन्हाकडचे पाय सावलीतल्या पायांपेक्षा अधिक लांबले तर त्याचा माथा सावलीच्या बाजूला किंचित कलतो.

यात एक संथ धोकाही असतो. गर्डर उतारावर असेल आणि घर्षण कमी असेल, तर रोजच्या तापण्या-निवण्यात तो प्रसरणाच्या वेळी उताराकडे थोडा अधिक सरकतो आणि आकुंचनाच्या वेळी तेवढा मागे येत नाही. एका दिवसाचा फरक डोळ्यांना दिसत नाही. आठवड्यांनी तो गर्डर आधाराच्या मध्यापासून दूर गेलेला आढळतो. म्हणून घसरता आधार देतानाच त्याला मार्गदर्शक पट्ट्या आणि अखेरचा अडसरही द्यावा लागतो. मोकळीक आणि बंधन या दोन्ही गोष्टी एकाच टेकूत, ठरावीक प्रमाणात, बसवाव्या लागतात. टेकूंच्या रचनेतील खरे कौशल्य यातच असते.

तात्पुरत्या आधारांकडे दुय्यम म्हणून पाहण्याची किंमत किती मोठी असू शकते, हे कॅनडातील व्हँकुव्हर येथे १७ जून १९५८ रोजी दिसून आले. सेकंड नॅरोज पुलाचे काम चालू असताना एका तात्पुरत्या टेकूच्या पायथ्याशी असलेली तुळयांची जाळी भाराखाली कोसळली आणि पुलाचे गाळे पाण्यात गेले. त्या दुर्घटनेत अठरा कामगार मृत्यू पावले आणि नंतरच्या शोधकार्यात एका पाणबुड्याचाही बळी गेला. कारण उष्णतेचे नव्हते. टेकूच्या गणितातच चूक होती. परंतु कायमच्या पुलाचे गणित बारकाईने तपासले जाते आणि काही महिन्यांपुरत्या टेकूचे गणित घाईत उरकले जाते, ही वृत्ती दोन्हीकडे सारखीच घातक ठरते. भारतात इंडियन रोड्स काँग्रेसने साचे, टेकू आणि तात्पुरत्या बांधकामांसाठी 'आयआरसी ८७' ही स्वतंत्र मार्गदर्शिका केली आहे. टेकू हेही अभियांत्रिकी बांधकामच आहे आणि त्याचे आराखडे व तपासणी त्याच गांभीर्याने व्हावी, हे तिच्यामागचे सूत्र आहे.

जबलपूरच्या परिसरात हा अभ्यास करण्यास विद्यार्थ्यांना भरपूर वाव आहे. ग्वारीघाटाजवळ नर्मदा ओलांडणारा मार्ग महाराष्ट्रातील गोंदियाला जातो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो बंगाल-नागपूर रेल्वेने नॅरोगेज म्हणून बांधला आणि अलीकडच्या काळात त्याचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले. शहरातील नव्या उड्डाणपुलावर केबलांच्या भागाखेरीज धनुष्याकृती पोलादी गाळेही आहेत. प्रत्येक ठिकाणी खांबाच्या माथ्याकडे पाहिले तर बेअरिंग दिसते आणि पूल कोणत्या टोकाला पक्का, कोणत्या टोकाला मोकळा हे ओळखता येते. ज्या तात्पुरत्या आधारांवर हे सारे प्रथम उभे राहिले, ते मात्र काम संपताच उतरवले जातात आणि त्यांची खूण उरत नाही.

खूण उरते ती कामाच्या नोंदवहीत. जाणते अभियंते टेकूंवरील पुलाची पातळी सूर्योदयापूर्वी मोजतात, कारण रात्रभरात सारे पोलाद आणि काँक्रीट एकसारख्या तापमानाला आलेले असते. केबलांचा ताणही अशाच वेळी जुळवला जातो. नोंदीत पातळीच्या आकड्याशेजारी तारीख, वेळ आणि पोलादाचे तापमान लिहिले जाते. तापमान नसेल तर त्या आकड्याला अर्थ नसतो. दुपारी मोजलेले १२ मिलिमीटर हे टेकू खचल्यामुळे आहेत की ऊन पडल्यामुळे, हे मग कोणालाही सांगता येत नाही. खचलेला टेकू वेळीच ओळखला गेला तर माणसे वाचतात, आणि उन्हाने झालेली हालचाल खचणे समजून कोणी चुकीच्या ठिकाणी जॅक चढवला तर नवा धोका निर्माण होतो. पहाटेच्या त्या मोजमापाची आणि शेजारी लिहिलेल्या तापमानाची किंमत एवढी मोठी आहे.